रॅम महागली, मग रॅम डिस्क कशाला? बिल्ड फास्ट करायचा खरा हिशोब

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे काही चढले की लॅपटॉप घेणाऱ्यांचं सगळं गणितच बदललं. हिंजवडीत नोकरी करणारी, किंवा तिथे पहिली नोकरी मिळावी म्हणून ॲप डेव्हलपमेंट शिकणारी मुलंमुली मला सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: "बिल्डला फार वेळ लागतो. १६ जीबीची ३२ जीबी करून त्यातली निम्मी रॅम डिस्कला दिली, तर काम फास्ट होईल ना?"

रॅम स्वस्त होती तेव्हा हा हौसेचा प्रश्न होता. करून बघा, म्हणून सोडून देता यायचं. आता मात्र यात पहिल्या पगारातले बरेच पैसे किंवा ईएमआयचे काही हप्ते अडकतात. म्हणून उत्तर आधीच देतो: बहुतेकांनी रॅम डिस्कसाठी रॅम घेऊ नये. रॅम डिस्क वाईट आहे असं नाही. पण ती जे काम करते, त्यातलं बरंचसं तुमची ऑपरेटिंग सिस्टिम आधीपासून फुकट करते आहे. आणि बिल्ड स्लो असण्याचं कारण बऱ्याचदा डिस्क नसतंच.

आता हे नीट समजून घेऊ.

आधी बातमी: रॅम महाग का झाली?

जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरमध्ये जे मोठे प्रोसेसर लागतात, त्यांच्या शेजारी एचबीएम नावाची खास वेगवान मेमरी बसवलेली असते. ही मेमरी आणि आपल्या लॅपटॉप-मोबाइलमधली मेमरी शेवटी त्याच प्रकारच्या सिलिकॉन चकत्यांपासून आणि त्याच कंपन्यांच्या कारखान्यांत बनते. एआयवाले जास्त पैसे मोजतात, मोठ्या ऑर्डर देतात. मग कारखान्याचा वेळ आणि माल कुणाकडे वळणार, हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सबरोबर हात मिळवला, तेव्हा महिन्याला ९ लाख चकत्यांचं उद्दिष्ट जाहीर झालं. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने सांगितलं, की सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा धंदा ती बंद करणार. पुण्यात ज्यांनी कधी लॅपटॉपची रॅम वाढवली असेल, त्यातल्या बऱ्याच जणांनी दुकानात क्रुशियलची पट्टी हातात घेतलेली असेल. त्याच डिसेंबरमध्ये रास्पबेरी पायने आपल्या १६ जीबीवाल्या 'पाय ५' बोर्डची किंमत १२० डॉलरवरून १४५ डॉलर केली आणि कारण सरळ सांगितलं: मेमरी महागली.

गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग आपल्याकडे तरी स्वस्त का मिळत नाही, असंही काही जण विचारतात. तो प्रकल्प चिपची जुळणी आणि चाचणी करण्याचा आहे. मूळ चकत्या तिथे बनत नाहीत. त्यामुळे जगात टंचाई असली की ती इथेही जाणवतेच.

बिल्ड म्हणजे नक्की काय?

तुमच्या फोनवर एखाद्या ॲपचं अपडेट येतं, तेव्हा त्यामागे कुठेतरी एक बिल्ड झालेला असतो. प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड माणसाला वाचता येतो, फोनला नाही. तो कोड, त्यातली चित्रं, बाहेरून घेतलेल्या लायब्ररी, हे सगळं एकत्र करून फोनला चालेल अशी एक फाइल बनवायची, म्हणजे बिल्ड करायचा.

यात कॉम्प्युटर तीन प्रकारची कामं करतो. एक, हजारो छोट्या फाइल वाचतो. दोन, प्रोसेसर त्यांचं भाषांतर करतो. तीन, तयार झालेल्या हजारो मधल्या फाइल आणि शेवटची मोठी फाइल लिहून ठेवतो. पहिलं आणि तिसरं काम डिस्कचं, दुसरं प्रोसेसरचं. रॅम डिस्कचा फायदा झालाच तर पहिल्या आणि तिसऱ्या कामाला होतो. दुसऱ्याला अजिबात नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब यावरच आहे.

रॅम डिस्क: रॅमलाच डिस्क म्हणायचं

रॅम डिस्क म्हणजे रॅमचा एक भाग ड्राइव्हसारखा वापरायचा. त्यात फोल्डर करा, फाइल टाका, सगळं नेहमीसारखं. कल्पना जुनी आहे. डॉसच्या काळातही रॅमड्राइव्ह नावाची सोय होती. लिनक्समध्ये आज टीएमपीएफएस नावाने ती तयारच मिळते आणि वेगळी मर्यादा दिली नाही तर रॅमच्या निम्म्यापर्यंत भरू शकते.

त्या काळात हे फार उपयोगी होतं, कारण हार्ड डिस्क फार हळू होती. तिच्यात खरोखरची फिरणारी तबकडी असते. सुई योग्य जागी जाईपर्यंत साधारण १० मिलिसेकंद जातात. रॅममधून तेच काम साधारण १०० नॅनोसेकंदांत होतं. फरक एक लाख पटींचा! म्हणून ज्यांनी हार्ड डिस्कच्या जमान्यात रॅम डिस्क वापरली, त्यांना ती जादू वाटली. ते खोटं बोलत नव्हते.

पण एसएसडी आल्यावर हा फरक साधारण हजार पटींवर आला. हजार पटसुद्धा मोठा आकडा आहे, मान्य. पण तो फरक तुम्हाला कधी जाणवणार? फाइल खरंच डिस्कवरून वाचली गेली तरच. आणि इथेच फाइल कॅश मध्ये येते.

फाइल कॅश: तुम्ही न सांगता चालणारी रॅम डिस्क

स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ. डिस्क म्हणजे कोठीची खोली आणि रॅम म्हणजे ओटा. रोज लागणारा मिसळणाचा डबा आई एकदा कोठीतून काढते आणि ओट्यावरच ठेवते. फोडणी घालायची वेळ आली की दर वेळी कोठीत जात नाही. आणि पोळ्या लाटायला जागा कमी पडली, तर डबा उचलून आत ठेवते.

लिनक्स, विंडोज, मॅक, अँड्रॉइड, सगळे नेमकं हेच करतात. एकदा वाचलेली फाइल रॅममध्ये जागा असेल तोवर तिथेच ठेवतात. दुसऱ्यांदा मागितली की डिस्ककडे न जाता रॅममधूनच देतात. यालाच फाइल कॅश किंवा पेज कॅश म्हणतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'कॅश्ड' असा आकडा दिसतो, तो हाच. लिनक्समध्ये 'फ्री' कमांड दिली की 'बफ-कॅश' या रकान्यात दिसतो.

किती मावतं यात? लिनक्स कर्नेल हा जगातल्या मोठ्या प्रोजेक्टपैकी एक. त्यात आज ८० हजारांहून जास्त फाइल आहेत, तरी सगळा सोर्स मिळून दीड जीबीच्या आसपास भरतो. म्हणजे ८ जीबीच्या मशीनवरही तो पूर्ण कॅशमध्ये राहू शकतो. तुमच्या कॉलेज प्रोजेक्टचा कोड तर याच्यापुढे चिमूटभर. लायब्ररी धरल्या तरी बहुतेक ॲपचं सामान काही जीबीत आटोपतं. सकाळचा पहिला बिल्ड डिस्कवरून वाचतो. दुपारपर्यंतचे बाकीचे बिल्ड रॅममधूनच वाचत असतात, फक्त तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

"ठीक आहे, वाचायचं कळलं. लिहायचं काय? लिहिताना तर डिस्कवर जावंच लागेल ना?"

तिथेही सोय आहे. प्रोग्रॅम फाइल लिहितो, तेव्हा लिनक्स ती आधी रॅममध्ये ठेवतो आणि प्रोग्रॅमला लगेच मोकळं करतो. डिस्कवर नेण्याचं काम मागे सावकाश होतं. साध्या सेटिंगमध्ये बदललेला मजकूर साधारण ३० सेकंद जुना झाला की डिस्कवर जातो. बिल्डमधल्या कितीतरी तात्पुरत्या फाइल त्याआधीच बनतात आणि पुसल्याही जातात. त्या डिस्कपर्यंत पोचतच नाहीत.

आणखी एक गंमत. लिनक्सची टीएमपीएफएस आतून याच पेज कॅशमध्ये राहते. फरक एवढाच, की तिच्या मागे डिस्क नसते. म्हणजे रॅम डिस्क आणि फाइल कॅश ही दोन वेगळी यंत्रं नाहीत. ओटा एकच आहे. फक्त एका डब्याची जागा कोठीत ठरलेली आहे आणि दुसऱ्याची नाही.

वाकडच्या सिग्नलवर अडकलेली स्पोर्ट्स बाइक

शिवाजीनगरहून हिंजवडी फेज ३ ला जायचंय. संध्याकाळची वेळ, वाकडचा पूल, भूमकर चौक. आता तुम्ही १२५ सीसीची बाइक विकून ४०० सीसीची घेतलीत. किती लवकर पोचाल? रिकाम्या रस्त्यावरची थोडी मिनिटं वाचतील. गर्दीतला वेळ तेवढाच राहील.

कॉम्प्युटरच्या जगात हा हिशोब जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. समजा, तुमचा बिल्ड १० मिनिटांचा आहे आणि त्यातलं डिस्कसाठी थांबणं फक्त १ मिनिट आहे. मग तुम्ही डिस्क जादूने शून्य सेकंदांची केलीत, तरी बिल्ड ९ मिनिटांच्या खाली येणार नाही. उरलेली ९ मिनिटं प्रोसेसरची आहेत.

हे नुसतं पुस्तकी नाही. हिंजवडीत गाड्यांसाठीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आहेत आणि गाडीतल्या स्क्रीनमागे बऱ्याचदा अँड्रॉइडच असतं. पूर्ण अँड्रॉइड बिल्ड करणं हे या धंद्यातलं सगळ्यात जड कामांपैकी एक. गुगलच्या अधिकृत माहितीनुसार त्यासाठी ४०० जीबी मोकळी डिस्क आणि किमान ६४ जीबी रॅम लागते. आता पुढचे आकडे नीट बघा. ७२ कोअर आणि ६४ जीबी रॅमच्या मशीनवर पूर्ण बिल्ड साधारण ४० मिनिटांत होतो. ६ कोअर आणि त्याच ६४ जीबी रॅमच्या मशीनवर साधारण ६ तास.

रॅम तेवढीच. वेळ नऊ पट. फरक पाडला तो कोअरनी. शिवाय ४०० जीबीचा हा पसारा कुठल्याच साध्या रॅम डिस्कमध्ये मावणार नाही. म्हणजे जिथे बिल्ड खरोखर त्रासदायक असतो, तिथे रॅम डिस्क पुरत नाही. आणि जिथे ती पुरते, तिथे कॅशने काम आधीच केलेलं असतं.

उलट नुकसान कधी होतं?

समजा १६ जीबीच्या लॅपटॉपवर तुम्ही ६ जीबी फाइल रॅम डिस्कमध्ये टाकल्यात. उरले १० जीबी. त्यातच विंडोज किंवा लिनक्स, ब्राउझरचे वीस टॅब, मीटिंगचं ॲप, अँड्रॉइड स्टुडिओ, ग्रेडल आणि एम्युलेटर. अँड्रॉइड स्टुडिओसाठी गुगल स्वतःच किमान ८ जीबी सांगतं आणि एम्युलेटर धरला तर १६. म्हणजे तुम्ही आधीच काठावर होता.

आता ओट्याकडे परत या. जागा कमी पडली, तर कॅशमधली वाचलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टिम क्षणात टाकून देऊ शकते, कारण तिची मूळ प्रत डिस्कवर आहे. रॅम डिस्कमधल्या फाइलची दुसरी प्रतच नाही. ती टाकून देता येत नाही. मग सिस्टिम नाइलाजाने काहीतरी स्वॅपमध्ये, म्हणजे पुन्हा डिस्कवरच ढकलते. वेग वाढवायला जी डिस्क टाळली, तिच्याकडेच जास्त फेऱ्या सुरू होतात. आणि स्वॅपही पुरला नाही, तर लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम बंद करतो. बऱ्याचदा तो तुमचा बिल्डच असतो.

दुसरं नुकसान विजेचं. रॅम डिस्कमधलं सगळं वीज जाताच पुसलं जातं. जुलै २०२५ मध्ये भूमिगत उच्चदाब वाहिनीत बिघाड झाला आणि हिंजवडी आयटी पार्क परिसरात मोठा वीजखोळंबा झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. लॅपटॉपला बॅटरी असते, पण फ्लॅटवर असेम्बल केलेल्या डेस्कटॉपला नसते. आणि सिस्टिम हँग होऊन रीस्टार्ट करावी लागली, तर बॅटरीही वाचवत नाही. म्हणून सोर्स कोड रॅम डिस्कमध्ये कधीच ठेवू नका. दुपारभर लिहिलेला आणि गिटवर न टाकलेला कोड गेला, तर तो कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही.

"पण एसएसडी झिजते ना?" हाही नेहमीचा प्रश्न. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपन्या साधारण ३०० टीबी लिहिण्याची हमी देतात. रोज ५० जीबी लिहिलेत तरी ६,००० दिवस, म्हणजे सोळा वर्षं. त्याआधी लॅपटॉपच बदललेला असेल.

मग रॅम डिस्क घ्यावी कुणी?

खरोखर उपयोग होतो अशा काही जागा आहेत. त्या सांगितल्या नाहीत तर हिशोब एकतर्फी होईल.

- चाचण्यांसाठीचा डेटाबेस. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर "हे डिस्कवर गेलंय याची खात्री दे" असं सिस्टिमला बजावतो. इथे कॅशची 'नंतर लिहितो' ही युक्ती चालत नाही, थांबावंच लागतं. चाचणीचा डेटा तसाही फेकूनच द्यायचा असतो. तो रॅम डिस्कवर ठेवला तर मोठा फरक पडू शकतो.
- बिल्ड सर्व्हर. दर वेळी कोरं मशीन सुरू करायचं, बिल्ड करायचा, सगळं पुसायचं, अशी पद्धत असेल आणि रॅम भरपूर असेल, तर तात्पुरत्या फाइलसाठी रॅम डिस्क योग्य आहे.
- जुनी हार्ड डिस्क. पण इथेही माझा सल्ला आधी एसएसडी बसवायचा. बिल्डच नाही, सगळं मशीनच जागं होतं.

जी कॅश खरंच वेळ वाचवते

फाइल कॅश फाइल आठवणीत ठेवते. पण त्याहून हुशार कॅश म्हणजे केलेलं कामच आठवणीत ठेवणारी. २००२ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यांनी सीकॅश नावाचं छोटं साधन लिहिलं. सी आणि सी प्लस प्लसचा कोड कंपाइल करण्याआधी ते बघतं, की हाच कोड याच सेटिंगने आधी कंपाइल झालाय का. झाला असेल तर प्रोसेसरला त्रासच देत नाही, जुनं उत्तर काढून देतं. अँड्रॉइडवाल्यांसाठी ग्रेडलमध्ये २०१७ पासून बिल्ड कॅश आहे. टीममध्ये ती सर्व्हरवर ठेवली, तर एकाने केलेलं काम दहा जणांना पुन्हा करावं लागत नाही.

लक्षात येतंय का? रॅम डिस्क सिग्नलच्या आधीचा मोकळा रस्ता वेगात पार करायला मदत करते. बिल्ड कॅश तुम्हाला ऑफिसला न जाताच काम झाल्याचं सांगते. आणि तिला साधी एसएसडी पुरते.

याशिवाय पैसे न घालता तपासायच्या तीन गोष्टी:

- अँटिव्हायरस. विंडोजवर बिल्डमधली जवळजवळ प्रत्येक फाइल उघडताना तपासली जाते. फाइल रॅम डिस्कमध्ये असली तरी तपासणी होऊ शकतेच. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज ११ साठी 'डेव्ह ड्राइव्ह' आणली, ती मुख्यतः याच दुखण्यावर. कंपनीच्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस स्वतः बंद करू नका. आयटी टीमकडे रीतसर मागणी करा.
- प्रोजेक्टची जागा. डब्ल्यूएसएल २ मध्ये काम करत असाल आणि प्रोजेक्ट विंडोजच्या ड्राइव्हवर असेल, तर प्रत्येक फाइलला दोन सिस्टिममधला उंबरठा ओलांडावा लागतो. तो लिनक्सच्या बाजूला हलवा. तसंच नेटवर्क फोल्डर किंवा क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये बिल्ड करू नका.
- 'क्लीन'ची सवय. काही अडलं की 'क्लीन बिल्ड' मारायचा, ही सवय असते. प्रत्येक क्लीनबरोबर आधी केलेलं काम फेकलं जातं. गरज असेल तेव्हाच करा.

विकत घेण्याआधी ही एक चाचणी करा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

१. बिल्ड कॅश तात्पुरती बंद ठेवा, नाहीतर निकाल फसवा येईल.
२. लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि पूर्ण बिल्डची वेळ नोंदवा. या वेळी फाइल कॅश जवळजवळ रिकामी असते.
३. रीस्टार्ट न करता क्लीन करा आणि तोच पूर्ण बिल्ड पुन्हा करा. आता फाइल रॅममध्ये आहेत.

दुसरा बिल्ड थोडा फास्ट होईलच. रॅम डिस्कने वाचण्याचा जो वेळ वाचला असता, तो याच फरकात आला. आणि तो तुम्हाला आत्ताच फुकट मिळतोय.

मग दुसऱ्या बिल्डच्या वेळी प्रोसेसर बघा. लिनक्स किंवा मॅकवर 'टाइम' कमांड लावून बिल्ड केला की घड्याळाचा वेळ आणि प्रोसेसरचा वेळ वेगवेगळे दिसतात. समजा ४ कोअरच्या मशीनवर घड्याळात १० मिनिटं गेली आणि सगळ्या कोअरचा मिळून वापर ३८ मिनिटं दिसला. चार कोअर दहा मिनिटं पूर्ण राबले असते तर ४० झाले असते. म्हणजे ते ९५ टक्के वेळ कामातच होते. इथे डिस्ककडून मिळण्यासारखं काही उरलेलं नाही. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभराला टेकलेला आणि डिस्क निवांत दिसली, तर अर्थ तोच.

स्वॅप सतत वाढताना दिसत असेल, किंवा मेमरी ९० टक्क्यांच्या वर अडकलेली असेल, तर मात्र रॅम घ्या. ८ जीबीवरून १६ जीबीवर जाणं हा अँड्रॉइड शिकणाऱ्यासाठी आजच्या भावातही चांगला खर्च आहे. पण ती रॅम मोकळी सोडा. कंपायलर, एम्युलेटर आणि फाइल कॅश ती आपसात वाटून घेतील. त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

आणि तुमच्या फोनचं काय?

कोड लिहीत नसाल तरी हा हिशोब तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड मुद्दाम रॅम भरलेली ठेवतो. मोकळी पडलेली रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम, हे त्याचं धोरणच आहे. 'रॅम क्लीनर' ॲप जेव्हा अभिमानाने २ जीबी मोकळी केल्याचं सांगतं, तेव्हा त्याने ओट्यावरचे रोजचे डबे कोठीत नेऊन टाकलेले असतात. पुढचं ॲप उघडताना ते पुन्हा आणावे लागतात, वेळही जातो आणि बॅटरीही.

जाहिरातीतलं '८ + ८ जीबी रॅम' हा रॅम डिस्कचा बरोबर उलटा प्रकार. तिथे रॅमला स्टोरेज बनवतात, इथे स्टोरेजला रॅम म्हणतात. मागे पडलेली ॲप थोडी जास्त टिकायला त्याची मदत होऊ शकते, पण ती दुसरी ८ जीबी खऱ्या रॅमच्या वेगाने चालत नाही. रॅम महाग असताना फोनच्या खोक्यावरचा अधिक चिन्हानंतरचा आकडा सोडून द्या. आधीचा आकडा बघून किंमत ठरवा.

भाव कधी उतरतील ते एआयच्या ऑर्डरींवर ठरेल, आपल्या हातात ते नाही. आपल्या हातात आहे ती वरची अर्ध्या तासाची चाचणी. हिंजवडीत असा किंवा घरी बसून पहिलं ॲप बनवत असा, दुकानात जायच्या आधी तेवढी करा. बिल्ड कशासाठी थांबतोय हे कळलं, की रॅम घ्यायची की नाही हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही.